गोळेवालीची सून

रेल्वेच्या मालधक्क्याला कुंपण पडलं ते ऐन उन्हाळ्यात, कोळशाचे गोळे वाळवायच्या दिवसांत.

आधी काही माणसं आली आणि फिती धरून मोजमाप करून गेली. मग ट्रकमधून लोखंडी खांब उतरले, जाळीची भेंडोळी उतरली. धक्क्यावरच्या मुकादमानं सगळ्यांना सांगितलं की बाहेरदेशी कंपनीनं धक्का चालवायला घेतलाय, नदीपलीकडे विजेचं मोठं केंद्र उभं राहतंय आणि त्याला लागेल तो कोळसा इथूनच जाणार आहे. सरकारनं दारं उघडलीत, आता गावाचं भलं होणार, असंही तो म्हणाला. आपली मुकादमी त्यात कुठं बसते, हे त्यानं अजून कुणाला विचारलं नव्हतं.

म्हातारीचं घर त्या धक्क्यावर चालत होतं. तिचा नवरा मालगाडीच्या वाघिणी रिकाम्या करता करता तिथेच छातीत कळ येऊन गेला होता. त्यानंतर मुकादमानं तिला एक मुभा दिली होती. वाघिणी रिकाम्या झाल्या की रुळांमध्ये आणि फरशीवर जो चुरा उरेल, तो तिनं झाडून न्यावा. त्या चुऱ्याचे ती गोळे करायची आणि घरोघरी विकायची. मुलगा मोठा झाल्यावर तोही त्याच धक्क्यावर हमालीला लागला. मग लग्न होऊन सून आली आणि तिच्याही डोक्यावर चुंबळ आली.

पहिल्यांदा चुरा चाळून झाल्यावर सून नळाखाली हात धरून कितीतरी वेळ उभी होती. पाणी काळं वाहत होतं आणि हात काही पांढरे होत नव्हते. म्हातारी मागून येऊन म्हणाली, "पावडर सगळ्याच बायका लावतात गं. आपली जरा काळी." सुनेला रडू येत होतं ते राहिलं आणि हसू आलं. तेव्हापासून दोघींचं जमलं.

काम अंगमेहनतीचं होतं. चुरा चाळून खडे वेगळे काढायचे, तळ्याकाठची चिकणमाती आणून भिजत घालायची, दोन्ही एकत्र करून पायांनी तुडवायचं. तुडवणं सुनेकडे असायचं. घोट्याच्या वर काळा चिखल यायचा आणि वर ऊन असायचं. म्हातारी उकिडवी बसून गोळे वळायची. मूठ भरायची, दाबायची, दुसऱ्या तळव्यावर फिरवायची आणि खाली ठेवायची. तिचा अंगठा त्या दाबण्यानं एका बाजूला वाकला होता. अंगणभर गोळे वाळत पडायचे आणि घरातली माणसं त्यांच्यामधून पाय वाचवत चालायची. पावसाळ्यात विकायचं ते उन्हाळ्यात करून ठेवायचं, असा तो धंदा होता.

विकायला दोघी जायच्या. पुढे म्हातारी, मागे सून. घराच्या मागच्या दारानं आत शिरायचं, टोपली उतरवायची, शेगडीपाशी गोळे रचून द्यायचे. शेगडी पेटत नसली तर म्हातारी स्वतः बसून फुंकर घालून पेटवून द्यायची. त्या फुंकरीमागून खोकला यायचा. "मावशी, पाणी घ्या," असं म्हणून घरातली बाई तांब्या पुढे करायची. गावात तिला सगळे गोळेवाली मावशी म्हणत. तिचं नाव काय, हे सुनेलाही लग्नात कळलं तेवढंच.

कुंपण पडलं आणि पंधरवड्यात धक्क्यावर यंत्राचा सरकता पट्टा बसला. वाघिणीतून कोळसा थेट पट्ट्यावर आणि पट्ट्यावरून ट्रकमध्ये. हमालांना एका सकाळी फाटकाबाहेरच थांबवलं. मुकादमही त्यांच्यात होता. मुलगा घरी येऊन ओसरीवर बसला तो काही दिवस बसूनच राहिला. मग धक्क्यावरचे काहीजण मोठ्या शहरात इमारतींच्या कामावर निघाले, त्यांच्याबरोबर तोही गेला. जाताना आईला म्हणाला, "जम बसला की तुम्हाला नेतो."

"आधी जम बसव," म्हातारी म्हणाली. "आम्ही काही पळून जात नाही."

चुऱ्याची परवानगी मागायला दोघी कंपनीच्या कार्यालयात गेल्या. नवीन फरशी होती. म्हातारीनं चपला बाहेर काढल्या, तरी तिच्या पावलांचे ठसे आत उमटले, आणि ते पाहून ती दाराशीच थांबली. काचेमागचा तरुण कारकून उठून बाहेर आला. तो अगदी नीट बोलला. "आजी, चुरा आता वाया जात नाही. कंपनी त्याच्या विटा पाडणार आहे, यंत्रानं. त्या बाहेर विकायला जातील."

"विटा?" म्हातारी म्हणाली. "जाळायच्या?"

"हो."

"म्हणजे गोळेच की."

कारकून हसला. "तसंच म्हणा." त्यानं दोघींना थंड पाणी दिलं आणि फाटकापर्यंत सोडायला माणूस पाठवला.

राहिला रस्ता. धक्क्यावरून केंद्राकडे जाणारे ट्रक शीग लावून भरलेले असत आणि ओढ्यावरच्या मोरीपाशी वळणावर हमखास सांडत. दोघी झाडू आणि घमेली घेऊन तिथं उभ्या राहायला लागल्या. ट्रक गेला की धावायचं, पुढचा यायच्या आत झाडून घ्यायचं. धुळीनं डोळे चुरचुरायचे. म्हातारीला धावता येत नव्हतं. ती वाकूनच पुढे सरकायची, आणि हॉर्न वाजला की सून तिला दंडाला धरून बाजूला ओढायची. घरी आल्यावर तिच्या दंडावर सुनेच्या बोटांचे काळे वळ दिसायचे.

एके दिवशी एक ट्रक वळणावर हळू झाला. वर बसलेल्या क्लीनरनं खाली पाहिलं आणि पायानं कोळशाचं मोठं ढेकूळ खाली ढकललं. "घे म्हातारे, दिवाळं निघू दे मालकाचं." तो आणि ड्रायव्हर दोघे हसले. ढेकूळ म्हातारीच्या पुढ्यात फुटलं आणि एक तुकडा उडून तिच्या नडगीवर लागला. ती खाली बसली. सुनेला वाटलं, पाय धरून बसलीय. पण म्हातारी तुकडे गोळा करत होती.

"राहू दे ते," सून म्हणाली.

"का राहू दे? चांगला कोळसा आहे."

"आई, उठा म्हणते ना."

म्हातारीनं मान वर करून पाहिलं. रक्ताची बारीक रेघ पायावरून घोट्यापर्यंत आली होती. "तो हसला म्हणून कोळसा कमी जळणार आहे का?" असं म्हणून तिनं शेवटचा तुकडा घमेल्यात टाकला.

त्याच आठवड्यात बाजारात गॅसची एजन्सी उघडली. आधी तिथं रॉकेलचं दुकान होतं. मालक तोच होता, पाटी नवी लागली होती. सून तेल आणायला गेली तेव्हा त्यानं तिला थांबवलं.

"तू गोळेवालीची सून ना? माझ्याकडे काम आहे. घरोघरी जाऊन बायकांना गॅस समजावून सांगायचा. पुरुष माणसाला चुलीपाशी कोण येऊ देतं? तुला सगळ्यांची मागची दारं माहीत आहेत."

"मी?" सून म्हणाली. "आमचाच धंदा आहे गोळ्यांचा."

"तो आणखी किती दिवस?" मालक म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. रॉकेलचंही तसंच झालं होतं, आणि त्यानं वेळेवर पाटी बदलली होती.

घरी येऊन तिनं सासूला सांगितलं, "बाजारातल्या दुकानात काम मिळतंय."

"कसलं?"

"झाडलोट, पाणी भरणं. सांगतील ते."

म्हातारी गोळे वळत होती. "कर. रस्त्यावर दोघींनी मरण्यापेक्षा एकटी मी पुरे." मग सुनेचा चेहरा बघून म्हणाली, "गंमत केली गं. तू गेलीस तर मीही वळणावर जाणार नाही. पायच राहिले नाहीत. आहे तेवढा माल विकते."

सुनेला तेव्हाच खरं सांगता आलं असतं. उद्या सांगू, असं ती मनाशी म्हणाली, आणि उद्याचं परवावर गेलं.

एजन्सीत तिला निळा डगला मिळाला. तो ती पिशवीत घालून न्यायची आणि दुकानात गेल्यावर चढवायची. शेगडी कशी पेटवायची, नळी कशी बघायची, वास आला तर काय करायचं, हे सगळं ती लवकर शिकली. पण सुरुवातीला कुणीच घेईना. बायका घाबरत होत्या. म्हातारीनंही कुठंतरी ऐकून घरी चेष्टा केली होती, "कळ फिरवली की जाळ येतो म्हणे. उद्या कळ फिरवली की भात येईल. मग आपल्याला कोण विचारतंय." सून हसली होती आणि डगल्याची पिशवी तिनं मागे सरकवली होती.

शाळेमागे राहणाऱ्या मास्तरीणबाईंनी तिला अडवलं. "अगं, तुमचेच गोळे घेतो आम्ही. आणि तूच गॅस विकायला येतेस?"

सुनेच्या तोंडातून आलं ते असं आलं, "म्हणूनच सांगते बाई. माझी सासू पहाटे उठते ती खोकतच. धूर काय करतो ते मी रोज बघते. त्यांच्या फुंकरीवर तुमची शेगडी पेटते आणि तिकडे त्या बिछान्यावर उठून बसतात, श्वास मिळत नाही म्हणून. तुम्ही तरी असं करून घेऊ नका." बोलता बोलता तिचा गळा दाटून आला. तो खरोखरच दाटून आला होता. मास्तरीणबाईंनी डोळे टिपले आणि नाव नोंदवलं.

मालकाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "हेच सांग सगळीकडे."

तिनं सगळीकडे सांगितलं. महिन्याभरात ते तिच्या तोंडात बसलं. सासू बिछान्यावर उठून बसते, तिथं जरा थांबायचं, हेही तिला कळायला लागलं. पुढच्या पुढच्या घरांत गळा दाटून यायचा राहिला, पण थांबणं सुटलं नाही.

पाऊस सुरू झाल्यावर म्हातारी टोपली घेऊन निघाली. दर वर्षी या दिवसांत टोपली दुपारपर्यंत रिकामी व्हायची. मास्तरीणबाईंकडे गेली तर त्यांनी मागचं दार उघडलं, पण टोपली उतरवू दिली नाही. ओट्यावर चकचकीत शेगडी होती आणि तिच्याखाली लाल टाकी.

"बसा मावशी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही कशाला आलात अशा पावसात? किती त्रास होतो तुम्हाला. सून सांगत होती ना."

"कुणाची सून?"

"तुमची. श्वास मिळत नाही म्हणून उठून बसता, ते सगळं सांगितलं तिनं. मला तर ऐकवेना. तिच्या सांगण्यावरूनच आम्ही गॅस घेतला. गुणी पोर आहे हो. सासूबद्दल एवढं कोण बोलतं?"

म्हातारी उंबऱ्यावर बसली. तिला खोकला आला होता. तिनं तो दाबून धरला, तोंड मिटून, खांदे हलत राहिले. मास्तरीणबाईंनी पाणी दिलं. पाणी पिऊन ती उठली आणि पुढच्या घरी गेली. तिथंही लाल टाकी होती. त्याच्या पुढच्या घरीही.

संध्याकाळी सून आली तेव्हा भरलेली टोपली ओसरीवर होती आणि म्हातारी तिच्याशेजारी बसली होती.

"पिशवीत काय आहे?" म्हातारीनं विचारलं.

सुनेनं डगला काढून दाखवला. म्हातारीनं तो हातात घेतला नाही. हात काळे होते.

"चांगला आहे. घालून येत जा, चुरगळतो."

"आई, मी सांगणारच होते."

"खोकला माझा आणि विकतेस तू," म्हातारी म्हणाली. आवाज चढला नव्हता. बाजारभाव सांगावा तसं ती बोलली.

"खोटं काय सांगितलं मी?" सून म्हणाली. "नाही का तुम्हाला त्रास होत? मला ऐकू येत नाही का?"

"खोटं सांगितलं असतंस तर मी भांडले असते." म्हातारीनं टोपलीतला एक भिजलेला गोळा बाजूला काढला. "घरातली गोष्ट होती गं ती. तुझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हती."

सून तिच्याजवळ जमिनीवर बसली. तिला पाय धरावेसे वाटले, पण मधे टोपली होती. तेवढ्यात म्हातारी उठली आणि भात टाकायला आत गेली. दोघी जेवल्या.

गोळे काही दिवस चहाच्या टपरीवाल्यानं घेतले, मग त्याच्याही टपरीत टाकी आली. उरलेला ढीग म्हातारीनं गोणपाटाखाली झाकून ठेवला. एजन्सीनं कामाच्या बायकांना एक एक गॅसजोडणी दिली होती, ती सुनेनं घरी आणली. म्हातारी त्या शेगडीजवळ गेली नाही असं नाही. गेली, शिकली, त्यावर स्वयंपाकही करायला लागली. फक्त कळ फिरवताना ती तोंड बाजूला करायची.

मुलाचे शहरातून अधूनमधून पैसे यायचे, अधूनमधून निरोप यायचा की या वेळी जमणार नाही. पावसाळा संपला तशी म्हातारी सकाळी बाहेर पडायला लागली. "तळ्याकडच्या मैत्रिणीकडे बसते," म्हणायची. सुनेला बरं वाटलं. घरात एकटी बसून कुढत बसण्यापेक्षा हे चांगलं. म्हातारीच्या नखांमधला काळा रंग हळूहळू गेला, भेगा पांढऱ्या पडल्या. कोळसा सुटला म्हणून, असं सुनेनं धरलं.

वीजकेंद्राच्या माणसांसाठी नदीअलीकडे वसाहत झाली होती. एकसारखे बंगले, पुढे गवत, मागे भांडी घासायचा ओटा. तिथली माणसं बाहेरून आलेली, गावातलं कुणी त्यांच्या ओळखीचं नव्हतं. तिथल्या एका इंजिनिअरच्या घरी शेगडी नीट पेटत नाही अशी तक्रार आली आणि सून गेली.

बाई बऱ्या होत्या, बोलक्या होत्या. त्यांची शेजारीणही येऊन बसली होती. सुनेनं शेगडीचं डोकं काढलं, सुईनं भोकं साफ केली. मागच्या दारातून भांड्यांचा आवाज येत होता.

"मावशी," इंजिनिअरच्या बाईंनी हाक मारली, "एवढं भांडं घासून द्या हो."

दारात म्हातारी आली. तिच्या कोपरापर्यंत साबणाचा फेस होता. तिनं सुनेकडे पाहिलं, जसं घरात आलेल्या कुठल्याही परक्या बाईकडे पाहावं तसं, आणि भांड्यासाठी हात पुढे केला.

सुनेच्या हातातली सुई खाली पडली. ती शोधायला ती वाकली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकून राहिली.

"या आमच्या मावशी," बाई शेजारणीला सांगत होत्या. "आधी कोळशाचे गोळे विकायच्या. यांच्याकडे अजून ढीग पडलाय म्हणे. मी सांगते त्यांना, सोडा आता ते." मग सुनेकडे वळून, शेजारणीकडे बोट दाखवत म्हणाल्या, "तुम्हीच सांगा यांना. तुम्ही त्या दिवशी हिच्याकडे तुमच्या सासूबाईंचं सांगितलंत ना, खोकल्याचं? ही मला सांगत होती. ते सांगा ना. मलाही ऐकायचंय."

"ते आता काय, बाई," सून म्हणाली.

"सांगा हो. मावशींनाही कळू दे."

शेजारीण पुढे सरकून बसली. म्हातारी भांडं घेऊन दारातच उभी होती, जावं की थांबावं हे न कळल्यासारखी. मग ती म्हणाली, "सांगा की ताई. ऐकते."

सुनेनं सांगितलं. सासू पहाटे उठते ती खोकतच. धूर काय करतो ते मी रोज बघते. शब्द आपोआप एकामागून एक येत होते. बिछान्यावर उठून बसतात, असं म्हटल्यावर जिथं ती नेहमी थांबायची तिथं ती थांबली, आणि त्या थांबण्यात तिला सासूच्या घशातली घरघर ऐकू आली.

"अरेरे," शेजारीण म्हणाली.

"मग आता कशा आहेत त्या?" म्हातारीनं विचारलं.

"बऱ्या आहेत," सून म्हणाली.

"काळजी घेत असाल तुम्ही."

म्हातारी ओट्याकडे गेली. राख आणि साबण घेऊन भांड्यावर काथ्या फिरवायला लागली. तो आवाज शेगडी बसवून होईपर्यंत चालू होता.

त्या दिवशी सून लवकर घरी आली. म्हातारी आधीच येऊन तांदूळ निवडत होती.

"तू चांगलं बोलतेस गं," ती म्हणाली. "मला वाटलं नव्हतं तुला एवढं बोलता येत असेल."

सून उभीच होती. "ते काम सोडा, आई."

"लाज वाटते?"

"नाही."

"मग?"

म्हातारीनं एक खडा काढून अंगणात टाकला. "बसून खायला मला जमत नाही. हातांना सवय नाही. ते घर बरं आहे, बाई पोटापुरतं जेवायलाही घालतात. एकच कर. तिथं आलीस तर मला ओळखू नकोस. गॅसवाल्या बाईची सासू भांडी घासते म्हटल्यावर तुला कोण उभं करेल? आणि मलाही कोण ठेवेल?"

सुनेनं हो म्हणून मान हलवली.

थंडीत म्हातारी तापानं पडली. दवाखान्यातून औषध आणलं, ताप उतरला, पण उभं राहिलं की तिचे पाय थरथरत. पडल्या पडल्या तिच्या डोक्यात एकच होतं. "दुसरी बाई ठेवतील. एकदा ठेवली की ती ठेवलीच. तू जाशील का गं माझ्या जागी, मी उठेपर्यंत? सकाळी जाऊन एजन्सीत जाता येईल तुला."

सुनेनं हो म्हटलं. काय सांगायचं ते वाटेत ठरवायचं होतं. आमच्या शेजारी राहतात, एवढं सांगितलं तरी भागलं असतं. नदीपर्यंत तिनं तेच धरून ठेवलं होतं.

बाईंनी मागचं दार उघडलं आणि त्या गोंधळल्या. "तुम्ही? मी तर तक्रार केली नव्हती."

"भांडी घासायला आले," सून म्हणाली. "मावशींना ताप आहे."

"तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

बाई विचारत होत्या ते साधंच होतं. ओट्यावर खरकट्या भांड्यांचा ढीग होता. सुनेनं डगल्याच्या बाह्या दुमडल्या आणि म्हणाली, "त्या माझ्या सासूबाई."

बाईंचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. "मग त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला त्यांच्यासमोर... का नाही सांगितलंत?"

सून ओट्यापाशी बसली आणि काथ्या हातात घेतला. पाणी बर्फासारखं होतं. बोटं बधिर झाली, तरी कितीतरी महिन्यांनी तिला आतून मोकळं वाटलं. तिनं भांडी दोनदा घासली. जाताना बाईंनी तिला चहा दिला, पाहुण्यांना देतात त्या कपातून, आणि तो पीत असताना त्या तिच्याकडे बघत नव्हत्या.

आठवडाभर ती जात राहिली. घरी सासूनं विचारलं, "काही म्हणाल्या का?" तेव्हा ती म्हणाली, "नाही." कामाबद्दल त्या काहीच म्हणाल्या नव्हत्या, त्यामुळे हे खोटं नव्हतं.

बरं वाटल्यावर म्हातारी स्वतः गेली. सून एजन्सीला जायची तयारी करत होती, तेवढ्यात ती परत आली. अंगात नवा लोकरी स्वेटर होता, तिला ढगळ होणारा, आणि बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी दिसत होती.

"काय झालं?" सुनेनं विचारलं.

म्हातारी ओसरीवर बसली. "बाहेरच्या खोलीत बसवलं मला. खुर्चीवर. चहा दिला. म्हणाल्या, आम्हाला माहीतच नव्हतं हो, तुमची सून एवढी चांगली नोकरी करते, तुम्हाला असं काम सांगायला आता आम्हालाच कसंतरी वाटतं. तुमची छाती अशी, त्यात गार पाण्यात हात. नको, म्हणाल्या. हा दिला." तिनं स्वेटरची बाही ओढली. "दुसरी बाई ओट्यावर बसलेली दिसली मला. जवान आहे."

सून तिच्यासमोर खाली बसली.

"तू सांगितलंस?"

"सांगितलं. खोटं बोलवेना मला."

"मला बोलवत होतं की," म्हातारी म्हणाली.

रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला, घराची कौलं हलली. म्हातारीनं सुनेचा हात हातात घेतला, उलटा करून तळवा पाहिला आणि परत तिच्या मांडीवर ठेवला. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर सुनेला सोपं गेलं असतं.

"तुझं चुकलं असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "तेव्हाही म्हटलं नाही. फक्त आता दिवसभर मी काय करू, तेवढं सांगून जा."

सुनेनं सगळीकडे पाहिलं. अंगण स्वच्छ झाडलेलं होतं, पाणी भरून झालं होतं, दोन माणसांचा भात झाकून ठेवला होता. बाजारात एजन्सीचं दार उघडायची वेळ झाली होती. ती डगल्याची गुंडी लावत उभी राहिली आणि म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत बसली होती, उत्तर येईल म्हणून.